पुरातही नळ चालू राहावा म्हणून : पाणीपुरवठा आणि सांडपाणी यंत्रणेच्या आपत्तीपूर्व तयारीचे टप्पे

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने पात्र सोडले, तेव्हा कोल्हापूर शहराला पाणी पुरवणारी शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहरात टँकरसमोर घागरींच्या रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्येच मुंबईत भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पावसाचे पाणी शिरले, विद्युत यंत्रणा बंद करावी लागली आणि पुरवठा सुरू झाल्यावरही नागरिकांना पाणी उकळून पिण्याचे आवाहन करावे लागले. या दोन्ही ठिकाणी नदी आटली नव्हती, धरण रिकामे नव्हते. बुडाली होती ती मोटर, पॅनेल बोर्ड (विजेचा नियंत्रण फलक) आणि केबल. म्हणून नगरपालिकेचे पाणीपुरवठा अभियंते, मुख्याधिकारी, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आणि पाणीपुरवठा समित्या यांनी तयारीची सुरुवात मोठ्या निधीच्या प्रस्तावाने न करता एका लेव्हल मशीनने (जागेची उंची मोजणाऱ्या उपकरणाने) करावी, असे माझे ठाम मत आहे. कोणती वस्तू किती उंचीवर आहे आणि पाणी तिथे केव्हा पोहोचेल, हे ज्याला माहीत आहे त्याच्याच हातात वेळ असतो.

पहिला टप्पा : उंचीची नोंद

योजनेच्या प्रत्येक ठिकाणी, म्हणजे जॅकवेल (नदीचे पाणी उपसण्याची विहीर), ट्रान्सफॉर्मरचा चौथरा, पॅनेलची खोली, जलशुद्धीकरण केंद्रातील रसायनांचे कोठार, मैला उपसा केंद्र आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील ब्लोअरची (हवा पुरवणाऱ्या यंत्राची) खोली, या सर्वांची समुद्रसपाटीपासूनची उंची एकाच बेंचमार्कवरून (उंची माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून) मोजून घ्यावी. केवळ जमिनीची पातळी उपयोगाची नाही. मोटरच्या टर्मिनल बॉक्सची खालची कड, पॅनेलमधील सर्वांत खालचा बसबार (वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) आणि केबल आत शिरते ते भोक, अशा नेमक्या जागांची पातळी हवी. बहुतेक केंद्रांत पाणी दारातून नव्हे, तर केबलच्या चरातून आत येते. दारापुढे वाळूची पोती रचूनही खोलीत गुडघाभर पाणी का झाले, याचे उत्तर त्या उघड्या चरात असते.

यानंतर पुराच्या पातळ्या मांडाव्यात. जलसंपदा विभागाने आखलेली निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. या रेषा आधाराला घ्याव्यात, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. गावातील भिंतींवर, मंदिराच्या पायऱ्यांवर आणि पुलाच्या खांबांवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा लोकांनी जपून ठेवलेल्या असतात; त्यांची पातळी त्याच बेंचमार्कवरून काढून घ्यावी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, तर २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ फूट असताना त्याच वर्षी कृष्णा ५७ फुटांच्या वर पोहोचली. धोका पातळीपेक्षा बारा फूट अधिक पाणी येऊ शकते, हे आता अनुभवाने सिद्ध झालेले असल्याने धोका पातळीवर दोन फूट वाढवून केलेले बांधकाम सुरक्षित मानता येणार नाही. ज्ञात सर्वोच्च पुराच्या वर निदान एक मीटर, हे माप मी किमान समजतो.

दुसरा टप्पा : नदीच्या फुटांशी कामाची सांगड

सरकारी मापनकेंद्र आणि आपले जॅकवेल क्वचितच एका ठिकाणी असतात. शिंगणापूर आणि बालिंगा ही दोन्ही केंद्रे राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहेत. त्यामुळे बंधाऱ्यावरचा आकडा तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. यावरचा उपाय साधा आणि जवळपास बिनखर्चाचा आहे. जॅकवेलच्या भिंतीवर रंगाने फूटपट्टी आखावी आणि पावसाळ्यात रोज ठरावीक वेळी तिच्यावरची पातळी व त्याच वेळची मापनकेंद्रावरील पातळी शेजारी शेजारी लिहून ठेवावी. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी आलेख कागदावर मांडल्या की मापनकेंद्रावर किती फूट झाले म्हणजे आपल्या पॅनेलपाशी पाणी लागेल, हे स्पष्ट दिसू लागते.

त्यावरून कामांचा तक्ता तयार करावा. उदाहरणादाखल, एखाद्या केंद्राच्या मोटरच्या तळाशी पाणी लागण्याची वेळ मापनकेंद्रावरील ४८ फुटांशी जुळते असे धरू. मग ३६ फुटांना सर्व उंच टाक्या काठोकाठ भरून घेणे, डिझेल आणि रसायनांचा साठा तपासणे आणि टँकरमालकांना कळवणे. ४० फुटांना चेन पुली, गॅन्ट्री (जड यंत्रे उचलण्याची चौकट) व कुशल कामगार केंद्रावर हजर करणे. ४४ फुटांना उपसा थांबवून महावितरणकडून वीजपुरवठा खंडित करून घेणे आणि मोटरी उतरवायला लागणे, असा क्रम लिहिता येईल. ४४ आणि ४८ यांतील अंतर कशावर ठरवायचे? नदी तासाला किती चढते आणि मोटरी काढून वर नेण्यास किती तास लागतात, या दोन गोष्टींवर. मोटर उतरवण्याची रंगीत तालीम मे महिन्यात घ्यावी आणि लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा. कागदावर दोन तासांचे वाटणारे काम गंजलेल्या बोल्टमुळे अर्धा दिवस घेते. केबल सोडवण्यापूर्वी प्रत्येक टोकाला फेजच्या रंगाची पट्टी आणि क्रमांक लावावा व छायाचित्र काढावे, म्हणजे परत जोडणी करताना मोटर उलटी फिरण्याचा प्रश्न उरत नाही.

या तक्त्यात सर्वांत महत्त्वाचा रकाना अधिकाराचा आहे. रात्री दोन वाजता पंप बंद करण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, हे नावानिशी लिहिलेले नसेल तर केंद्रावरचा ऑपरेटर वरिष्ठांच्या फोनची वाट पाहत राहतो आणि तेवढ्यात यंत्रसामग्री बुडते. तक्त्यात ठरवलेली पातळी गाठताच ऑपरेटरने कोणालाही न विचारता उपसा थांबवावा आणि त्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही, असा लेखी आदेश मुख्याधिकाऱ्यांनी किंवा आयुक्तांनी जून उजाडण्यापूर्वी काढावा.

तिसरा टप्पा : यंत्रसामग्री वर नेणे

व्हर्टिकल टर्बाइन पंप असलेल्या जॅकवेलमध्ये पंप खाली पाण्यात आणि मोटर वरच्या मजल्यावर असते. अशा ठिकाणी कॉलम पाइप (पाणी वर आणणारा नळ) व शाफ्ट (मोटर आणि पंप जोडणारी फिरती दांडी) वाढवून मोटरचा मजला उंच करणे शक्य असते. मात्र वाढलेल्या उंचीमुळे होणारी कंपने आणि जुन्या बांधकामाची ताकद यांची तपासणी संरचना अभियंत्याकडून करून घेतल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. आडव्या सेंट्रिफ्यूगल पंपांना ही सोय नाही, कारण पाणी खेचून घेण्याची त्यांची मर्यादा व्यवहारात सहा-सात मीटरच असते; पंप फार वर नेला तर उन्हाळ्यात तो पाणीच उचलणार नाही. तिथे सबमर्सिबल पंप बसवून फक्त पॅनेल उंचावर नेणे अधिक शहाणपणाचे ठरते. सर्व ठिकाणी लागू पडणारा नियम एकच आहे: पैसे थोडे असतील तर आधी पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर वर न्यावा, मग मोटर. भिजलेली मोटर धुऊन वाळवून परत चालवता येते. भिजलेले पॅनेल बहुधा बदलावेच लागते.

विजेच्या बाबतीत दोन स्वतंत्र उपकेंद्रांवरून येणारे दोन फीडर (वीजवाहिन्या) असावेत. एकाच उपकेंद्रातून आलेल्या दोन तारांना पर्यायी व्यवस्था म्हणता येत नाही, कारण उपकेंद्र बुडाले तर दोन्ही एकदमच जातात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले, तेव्हा विहिरी भरलेल्या असूनही अनेक गावांच्या योजना विजेअभावी बंद होत्या. कोकणातील लहान योजनांसाठी म्हणूनच फिरता जनरेटर आणि त्याला जोडता येईल असा चेंजओव्हर स्विच (पंपाचा पुरवठा जनरेटरवर वळवणारा) प्रत्येक पंपघरात आधीपासून बसवलेला असणे ही फार मोठी तयारी आहे. जनरेटरच्या डिझेलचा हिशेबही आधीच करावा: २५० केव्हीए क्षमतेचा जनरेटर पूर्ण भारावर तासाला सुमारे ५० लिटर डिझेल घेतो, म्हणजे दिवसाला १,२०० लिटर. रस्ता तीन दिवस बंद राहणार असेल, तर एक-दोन पिंपांवर भागणार नाही.

नदीकाठच्या रिकाम्या टाक्यांचा धोका फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. जमिनीखालची टाकी रिकामी असताना भोवतालची माती पाण्याने भरली, तर खालचे पाणी टाकीला वर उचलू लागते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाकीवर हा दाब ३०० टनांपर्यंत जातो आणि टाकीचे स्वतःचे वजन त्याहून कमी असेल तर ती तडकते किंवा उचलली जाते. म्हणून पूर येण्यापूर्वी भूमिगत टाक्या, क्लॅरिफायर (गाळ तळाशी बसवणारे हौद) आणि प्रक्रिया केंद्रातील हौद पाण्याने भरून ठेवावेत. दुरुस्तीसाठी रिकामे केलेले हौद जूनपूर्वी भरलेच पाहिजेत.

पुलाला टांगलेली जलवाहिनी प्रवाहाच्या खालच्या बाजूने असावी, नाहीतर वाहून येणारी झाडे आणि ओंडके थेट तिच्यावर आदळतात. क्लोरीनचे सिलिंडर साखळीने बांधून ठेवावेत. क्लोरीन वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो सखल भागात साचतो, हे केंद्रावरच्या प्रत्येक कामगाराला माहीत असावे.

भूकंपाबद्दल थोडक्यात सांगायचे तर १९६७ च्या कोयना आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपांनंतर महाराष्ट्र स्थिर भूमीवर आहे असे कोणी धरून चालू नये. उंच टाक्यांच्या खांबांची तपासणी करून घ्यावी आणि टाकीला जिथे पाइप जोडलेला असतो तिथे थोडी हालचाल सोसणारा सांधा बसवावा.

चौथा टप्पा : साठा आणि टँकर

पुरात नदीचे पाणी अतिशय गढूळ होते आणि तुरटीचा खप वाढतो. दिवसाला दोन कोटी लिटर पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात लिटरमागे ६० मिलिग्रॅम तुरटी लागत असेल, तर रोज १,२०० किलो आणि दहा दिवसांना १२ टन तुरटी लागेल. नेहमीच्या मात्रेवर काढलेला साठा अशा वेळी तीन-चार दिवसांत संपतो. तुरटी पाण्यातील क्षारता खाते, त्यामुळे मात्रा वाढवताना चुन्याचीही तजवीज हवी. नाहीतर गाळ बसेनासा होतो आणि ऑपरेटर आणखी तुरटी टाकत राहतो. जार टेस्ट (तुरटीची योग्य मात्रा ठरवण्याची चाचणी) दर पाळीला घ्यावी. टीसीएल पावडरची (ब्लीचिंग पावडरची) ताकद साठवणुकीत कमी होत जाते, म्हणून पिशवी कोरड्या, उंच जागी ठेवावी आणि जुना साठा आधी वापरावा.

पर्यायी पुरवठ्याचा हिशेब माणशी रोज १५ लिटर या किमान गरजेवर करावा. ५०,००० वस्तीला साडेसात लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या ७५ खेपा. एक टँकर दिवसाला पाच खेपा करू शकत असेल तर १५ टँकर लागतील, आणि त्यांना भरण्यासाठी पुराबाहेरचा, क्लोरीन घातलेला स्रोत लागेल. हा स्रोत आणि तिथवर जाणारा पाण्याखाली न जाणारा रस्ता नकाशावर आधीच आखलेला असावा. रुग्णालये, निवारा केंद्रे आणि वयोवृद्धांच्या वस्त्या यांचा क्रम यादीत पहिला असावा. डायलिसिस केंद्रांना स्वतंत्रपणे कळवावे, कारण पुरानंतर पाण्यातील क्लोरीन वाढवले जाते आणि ते काढून टाकल्याशिवाय ते पाणी डायलिसिससाठी वापरणे रुग्णाला घातक ठरते.

पाचवा टप्पा : सांडपाणी

पाणीपुरवठ्याची चर्चा होते आणि भुयारी गटार मागे पडते, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण पुरानंतरची कावीळ, गॅस्ट्रो आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा माग याच दुर्लक्षाकडे जातो. कोल्हापुरात जयंती नाल्यातील सांडपाणी उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवले जाते. असा उपसा पुरात थांबला की नाल्यातले सगळे पाणी नदीत जाते आणि खालच्या अंगाला इचलकरंजीसारख्या शहरांच्या वाट्याला येते. त्यामुळे मैला उपसा केंद्राला पाण्याच्या जॅकवेलइतकेच प्राधान्य मिळाले पाहिजे.

नदीत उतरणाऱ्या प्रत्येक तोंडावर फ्लॅप गेट असावे, म्हणजे चढलेली नदी गटारातून उलटी शहरात शिरणार नाही. गेटच्या फटीत अडकलेली एक प्लास्टिकची बाटलीसुद्धा ते उघडे ठेवायला पुरेशी असते, म्हणून मे महिन्यात प्रत्येक गेट हाताने उघडून-मिटून पाहावे. सखल भागातील घरांच्या जोडणीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) बसवावा. मॅनहोलची झाकणे पुराच्या दाबाने उडून जातात आणि रस्त्यावरच्या पाण्याखाली उघडे तोंड कोणालाच दिसत नाही. सखल रस्त्यांवर कडीने अडकणारी झाकणे आणि त्यांखाली लोखंडी जाळी बसवणे हे जीव वाचवणारे काम आहे. कोणत्याही परिस्थितीत माणसाला मॅनहोलमध्ये उतरवू नये. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशी धोकादायक सफाई करवून घेण्यास मनाई आहे आणि पुरानंतर साचलेल्या गटारात हायड्रोजन सल्फाइड वायू प्राणघातक प्रमाणात असू शकतो. जेटिंग आणि सक्शन यंत्रांचा (जोराने पाणी मारून गटार मोकळे करणाऱ्या आणि मैला खेचून घेणाऱ्या) करार आधीच करून ठेवावा.

प्रक्रिया केंद्रातील जिवाणूंना हवा न मिळाल्यास ते मरतात. वीज जाणार हे दिसू लागले की लहान जनरेटरवर निदान एक ब्लोअर अधूनमधून चालवावा, आणि सगळेच बंद पडले तर जवळच्या चालू केंद्रातून बियाणे म्हणून गाळ आणण्याची व्यवस्था ठरवून ठेवावी. प्रक्रिया न केलेले पाणी सोडावे लागल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि खालच्या गावांच्या पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी कळवावे.

सहावा टप्पा : पूर ओसरल्यावर पुन्हा सुरू करणे

पाणी उतरले की लोकांचा रेटा वाढतो आणि घाईत मोटर चालू करून ती जाळली जाते. पंपघरात पहिला प्रवेश वीज पूर्णपणे खंडित असल्याचे महावितरणकडून लेखी कळल्यावरच करावा. साप, विंचू आणि साचलेला वायू यांचीही काळजी घ्यावी. गाळ ओला असतानाच काढावा, वाळल्यावर तो कुदळीने फोडावा लागतो. मोटर उघडून स्वच्छ पाण्याने धुवावी, बेअरिंगमधले ग्रीस बदलावे, मंद उष्णतेवर वाळवावी आणि मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासावे. किलोव्होल्टमधील दाबात एक मिळवून येईल तितके मेगओहम किमान असावेत हा जुना ठोकताळा आहे, म्हणजे ४१५ व्होल्टच्या मोटरीला दीडच्या आसपास. उत्पादकाने याहून अधिक सांगितले असेल तर तेच पाळावे. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची चाचणी झाल्याशिवाय तो भारित करू नये. पॅनेलमधील रिले, कॉन्टॅक्टर आणि इलेक्ट्रॉनिक भाग वाळवून पुन्हा वापरू नयेत.

फिल्टरच्या वाळूवर बसलेला गाळ खरवडून काढावा, उलट्या प्रवाहाने धुवावे आणि शुद्ध पाण्याचा हौद रिकामा करून क्लोरीनने निर्जंतुक करावा. जलवाहिन्या हळूहळू भराव्यात. अनेक दिवस रिकाम्या राहिलेल्या वाहिनीत जोराने पाणी सोडले तर कोंडलेली हवा सांधे उखडते, आणि गळक्या सांध्यांतून आत शिरलेला गटाराचा अंश थेट नळापर्यंत जातो. वरच्या टोकापासून सुरुवात करून स्कॉवर व्हॉल्व्ह (वाहिनीतील गाळ बाहेर सोडणारी झडप) उघडून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत वाहू द्यावे. त्यानंतर शेवटच्या टोकाच्या घरांत ओटी टेस्ट (पाण्यातील क्लोरीन पिवळ्या रंगावरून ओळखण्याची चाचणी) घ्यावी. भारतीय मानकानुसार मुक्त उर्वरित क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. साथीची शक्यता असताना ०.५ चे लक्ष्य ठेवावे. टाकीखालच्या नळाला पिवळा रंग दिसला म्हणून समाधान मानू नये, शेवटच्या गल्लीतला रंग महत्त्वाचा आहे. सूक्ष्मजीव तपासणीसाठी नमुने प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल येईपर्यंत पाणी उकळून पिण्याची सूचना कायम ठेवावी.

ग्रामीण भागातील बुडालेल्या विहिरींसाठी आधी गढूळ पाणी उपसावे. मग विहिरीतील पाणी मोजावे: सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे १ लाख १३ हजार लिटर भरते. एरवी हजार लिटरला पाच ग्रॅम या मापाने साडेपाचशे-सहाशे ग्रॅम टीसीएल पुरते, पण पुरानंतर मात्रा दुप्पट धरून सुरुवात करावी आणि ओटी टेस्टनुसार वाढवावी. पावडर थेट विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे, दहा मिनिटे चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ द्रावण पोहऱ्याने विहिरीत सोडून पाणी घुसळावे. अर्ध्या-एक तासाने तपासणी घ्यावी.

कागदपत्रे आणि निधी

नुकसानीची छायाचित्रे गाळ काढण्यापूर्वीच घ्यावीत आणि मोजमाप पुस्तकात नोंदी कराव्यात, कारण राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पिण्याच्या पाण्याच्या योजनेच्या तातडीच्या दुरुस्तीची मागणी करताना याच नोंदी पाहिल्या जातात. ग्रामपंचायतींना वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेल्या) निधीतून पाणी व स्वच्छतेची कामे घेता येतात; पॅनेलचा चौथरा उंच करणे हे त्यात बसणारे काम आहे. जुन्याच जागी, जुन्याच उंचीवर तेच पॅनेल पुन्हा बसवण्याचे अंदाजपत्रक आले तर तांत्रिक मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याने ते परत पाठवावे आणि पहिल्या टप्प्यात मोजलेली पूरपातळी त्यात नमूद करून घ्यावी.